मालकीणबाईंचा पान्हा

दाराची कडी वाजली की गोठ्यातल्या सगळ्या गायी धडपडत उठत. मालकीणबाई तेवढ्या बसून राहत. त्या सकाळीही तसेच झाले. आत्याने पेंडेची पाटी खाली ठेवली, पदर खोचला, कोमट पाण्याची बादली आणि फडके जवळ घेतले आणि त्या काळ्या-पांढऱ्या गायीच्या पाठीवर हलकी चापट मारली.

"उठा बाईसाहेब. आमचा जन्मच तुमच्या सेवेसाठी झालाय."

गाय उठली, तिने अंग ताणले, शेपटी एकदा आत्याच्या कानशिलावरून फिरवली. आत्याने शेण ओढून नालीत लोटले, कासेवरून पाण्याचा हात फिरवला, चारही सड पुसून कोरडे केले. पहिल्या धारा वाटीत काढून दुधात गुठळी नाही ना हे उजेडाकडे धरून पाहिले. मग तिपाई ओढून ती बसली, कपाळ गायीच्या कुशीला टेकवले आणि बोलू लागली.

ते गाणे नव्हते आणि शिवीगाळही नव्हती. एका पट्टीत, खालच्या आवाजात, न थांबता चाललेले ते गाऱ्हाणे होते.

"ऐकताय ना? सायीचं भांडं काल पुन्हा कुलपात गेलं. मी खाईन म्हणून वहिनीनं लावलं. या वयात मी साय चोरते म्हणे. बरं, तुमचे मालक, म्हणजे आमचा भाऊ. काल सोसायटीत भाषण करताना आईच्या आठवणीनं डोळे पुसले. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्या खोलीत पाऊल टाकलं असेल तर शपथ. वास येतो म्हणायचे. आणि आमची भाची. तिला पाळण्यापासून मी वाढवली, आता हापिसातल्या मैत्रिणी घरी आल्या की मला म्हणते, आत्या, तू जरा मागच्या बाजूला बस. बसते. मागच्या बाजूला बसायची सवय आहे आम्हाला. आणि तो कंपाउंडर. सांगितलंय तुम्हाला, पण पुन्हा ऐका. चांगला माणूस होता. मला बघायला आला तेव्हा चहाचा रिकामा कप स्वतः उचलून आत आणून ठेवला त्यानं. असं कोण करतं? तर आमच्या भावानं त्याला निरोप धाडला, मुलीला झटके येतात. मला झटके! धारा कोण काढणार, हा खरा प्रश्न होता. मला कळलं तेव्हा त्याला दोन लेकरं झाली होती."

कंपाउंडरपर्यंत गोष्ट आली की गायीचे कान सैल पडत, जबडा रवंथ करू लागे आणि सड भरून ताठ होत. दुधाच्या धारा बादलीवर वाजू लागत. आत्याचे बोलणे आणि धारांचा आवाज यांचा असा काही मेळ बसला होता, की एक थांबले की दुसरेही थांबे.

ही सवय मालकीणबाईंच्या पहिल्या वेतापासूनची. वासरू मेलेले जन्मले होते आणि गाय कोणाला कासेजवळ फिरकू देत नव्हती. गड्याला लाथ बसली, आत्याच्या भावाचा चष्मा फुटला. आत्या मात्र रोज तिच्याजवळ जाऊन बसे. गायीला समजवायला तिच्याकडे शब्द नव्हते, म्हणून ती स्वतःचेच काहीबाही सांगत राही. एके दिवशी बोलता बोलता हात कासेला लागला आणि गाय पान्हावली. तेव्हापासून त्या आवाजाशिवाय तिने कोणाला दूध दिले नाही. गड्याने आत्याची नक्कल करून पाहिली, भावाने रेडिओ लावून पाहिला. गाय पान्हा चोरायची ती चोरायचीच. आत्या गायीशी काय बोलते, हे घरात कोणी विचारले नव्हते. काहीतरी भजन म्हणत असेल, असे सगळ्यांनी धरून ठेवले होते.

"काय गं, आज इतक्या लवकर?" आत्याने मान न वळवता विचारले. पेंडेच्या पोत्यांपाशी भाची उभी होती, हातात मोबाईल.

"झोपच नाही आली. चालू दे तुझं, आत्या."

आत्याला बरे वाटले. पोर लहानपणी अशीच पोत्यांवर येऊन बसायची.

*

राष्ट्रीय दुग्धव्यवसाय प्रदर्शनाच्या मैदानावर मंडप संपता संपत नव्हते. आरशासारख्या चकचकीत टाक्या, मिनिटभरात शेकडो पिशव्या भरणारी यंत्रे, लोण्याचा पुतळा, चीज चाखायला लागलेली रांग, आणि या सगळ्यावर आकाशात डोलणारी फुग्याची गाय. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, की देशातले दूध दहा वर्षांत दुप्पट होणार आहे. आत्याचा भाऊ ते वाचून छाती काढून आत शिरला. तो दूध सोसायटीचा अध्यक्ष होता आणि घरात, दारात, बायकोच्या तोंडीसुद्धा 'अध्यक्ष'च होता. त्याला ताई म्हणून हाक मारावी अशी मोठी बहीण आहे, हे सोसायटीतल्या पुष्कळांना माहीत नव्हते.

त्याची मुलगी, आत्याची भाची, ज्या यंत्रकंपनीत विक्री विभागात होती, तिचा मंडप मधोमध होता. हिरवा गालिचा घातलेला चौथरा, त्यावर धारा काढायचे नवे यंत्र, दूध वाहताना दिसावे म्हणून पारदर्शक नळ्या. वर फलक होता: 'सुई नाही, दोरी नाही. गाय राजीखुशी दूध देते.' पण कंपनीने आणलेल्या गायीने पहिल्याच दिवशी दिवे आणि गर्दी पाहून पान्हा चोरला होता. फलकाखाली पान्हा सोडायला लावणारी सुई टोचता येत नव्हती. मॅनेजरच्या तोंडचे पाणी पळाले, तेव्हा भाचीने आपल्या घरच्या गायीचे नाव काढले.

आत्याला गाय सांभाळायला आणले होते. तिने मालकीणबाईंना चौथऱ्यावर चढवले, पायाखालचे शेण उचलले, तशी भाची म्हणाली, "आत्या, तू आता फळ्यांच्या मागे जाऊन बस हं."

"अगं, मी बोलले नाही तर ती देणार नाही."

"त्याची सोय केलीय."

फळ्यांच्या फटीतून आत्या पाहत राहिली. यंत्राचे पेले सडांना लागले. मॅनेजरने बोट वर केले. आणि मंडपाच्या चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून आवाज आला, "ऐकताय ना? सायीचं भांडं काल पुन्हा कुलपात गेलं."

तो आपलाच आवाज आहे, हे आत्याला पटायला थोडा वेळ लागला. गायीला तेवढाही लागला नाही. तिचे कान सैल पडले.

लोक आधी इकडेतिकडे पाहू लागले. मग कोणीतरी हसले. सायीवर हशा पिकला, आईच्या खोलीतल्या वासावर शिट्टी आली. आत्याने श्वास धरला, पुढे भाचीचे येणार होते. ते आलेच नाही. त्या जागी आवाजाला एक बारीकसा गचका बसला आणि गोष्ट थेट कंपाउंडरवर गेली. भाचीने आपले तेवढे कापून काढले होते.

"मला झटके!" भोंग्यांतली आत्या म्हणाली, आणि मंडप फुटावा तसा हशा झाला. नळ्या त्याच क्षणी पांढऱ्या झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन लेकरांच्या वाक्याला एक माणूस हसता हसता खुर्चीवरून घसरला आणि त्याच्या बायकोने त्याला दंड धरून उठवले.

अध्यक्ष पहिल्या रांगेत होता. आत्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. क्षणभर तिला वाटले, आता याची मान खाली जाणार. तो मांडीवर थाप मारून हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "आमच्या घरचा मामला आहे बरं का."

*

मागच्या शेडमध्ये गवताच्या गंजीवर बसून सगळ्यांनी डबे उघडले. मॅनेजर जातीने चहा घेऊन आला.

"आत्याबाई, कमाल केलीत. लोक यंत्राची किंमत विचारायच्या आधी तुमच्याबद्दल विचारतायत. उद्या प्रमुख पाहुणे येणार. उद्या रेकॉर्ड नको, तुम्ही स्वतः माईकसमोर बसा. थोडं नवीन काही घाला. पण ते झटक्यांचं नक्की घ्या."

तो गेल्यावर आत्या भाचीला म्हणाली, "तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू असं बोलली असतीस का? अगं, लोकांना किती आवडलं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

"तुझं तू काढून टाकलंस."

भाचीने डब्यात मान घातली. "मला तिथे नोकरी करायचीय, आत्या."

वहिनीला साय झोंबली होती. "मी म्हणजे कोण राक्षसीण झाले आज. येणारी-जाणारी बाई विचारते, त्या कुलूपवाल्या वहिनी तुम्हीच का. घरातलं खायचं आणि घराचीच लक्तरं जनावराला दाखवायची."

"तू गप गं," अध्यक्ष म्हणाला. त्याची तबियत खूश होती. "ताईनं मनावर घेऊन काही म्हटलेलं नाही. बायकांचं बोलणं ते. ताई, मला सांग, ते सगळं खरं असतं तर लोक हसले असते का?"

आत्याने त्याच्याकडे नीट पाहिले. तो गंमत करत नव्हता. त्याने खरोखरच तसे ठरवून टाकले होते. आजवर तिला वाटत होते, की भावाला आपल्या करणीची आत कुठेतरी बोच असेल. ती गायीशी इतकी वर्षे बोलत आली, ती कदाचित त्याच आशेवर, की एक दिवस भिंतीपलीकडून हे त्याच्या कानी पडेल आणि तो येऊन समोर उभा राहील. ते कानी पडले होते. भोंग्यांतून पडले होते.

"आता ऐक," तो म्हणाला, "उद्या पाहुण्यांसमोर गाय पान्हावली की कंपनी तिला घेऊन टाकतेय. गाडीतून गावोगाव नेणार, रेकॉर्ड लावून दाखवणार. मला या भागाची एजन्सी. आपल्या गोठ्यात यंत्रं बसतील. म्हणजे तुझीही सुटका झाली."

"माझी कसली सुटका?"

"गोठ्यातून. तुझ्या वहिनीची आई आता अंथरुणावरून उठत नाही. तिच्याकडे कोणी टिकत नाही. तू जा तिथे. माणसांत राहशील."

"स्वभाव जरा तिखट आहे आईचा," वहिनी म्हणाली, "पण ताईंना काय, सगळ्यांचं करायची सवय आहे."

"आणि ही?" आत्याने गायीकडे बोट केले. "ही गावोगाव फिरून किती दिवस टिकेल? दिवे, गर्दी, रोज नवी जागा."

"टिकेल तितके दिवस," अध्यक्ष म्हणाला आणि डब्याचे झाकण लावले. "आवाज तर आपल्याजवळ आहे."

*

प्रमुख पाहुण्यांसाठी कास गच्च भरलेली दिसावी म्हणून संध्याकाळची धार काढू दिली नव्हती. कंपनीचा माणूस रात्रभर शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. सकाळी आत्या पाण्याची बादली घेऊन गेली, तेव्हा गाय बसूही शकत नव्हती. मागचे पाय फाकवून ती उभी होती. कासेला हात लावताच अंग थरथरले. कातडी ताणून तुळतुळीत झाली होती आणि आत ऊब नव्हती, ताप होता. एका सडातून थेंब ठिबकत होता. आत्याला पाहून गाय हंबरली आणि तिने तोंड आत्याच्या काखेत घातले.

आत्याच्या ओठांवर रोजचे पहिले वाक्य आले. तिने ते गिळले. तिने गायीच्या मानेवर हात ठेवला. एका बाजूला ही तळमळ होती. आज मोकळी केली की संपणारी. दुसऱ्या बाजूला गाडी, दिवे आणि भोंगे होते. तिथून गाय परत येणार नव्हती आणि आत्याही परत गोठ्यात येणार नव्हती. दया दाखवायची तर ती कोणत्या सकाळी दाखवायची, एवढाच प्रश्न होता. तिने मानेवरचा हात काढून घेतला.

"तुम्हाला आज सोसावं लागेल," ती म्हणाली. तेही तिने गाऱ्हाण्याच्या आवाजात म्हटले नाही.

मंडप खचाखच भरला होता. ज्यांनी काल ऐकले होते त्यांनी घरच्यांना आणले होते. प्रमुख पाहुणे कोचावर बसले, शेजारी हार घातलेला अध्यक्ष. मॅनेजरने आत्याची ओळख करून दिली, 'आपल्या सर्वांच्या लाडक्या झटकेवाल्या आत्या', आणि हशा ओसरायची वाट पाहून माईक तिच्या तोंडापाशी आणला. पेले सडांना लागले. यंत्र हलकेच धापा टाकू लागले.

आत्या तिपाईवर ताठ बसली. कपाळ तिने गायीला टेकवले नाही. दारी आलेल्या पाहुण्यांशी बोलावे तशा वरच्या, गोड, स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "माझा भाऊ फार मोठ्या मनाचा आहे."

गायीने कान टवकारले.

"माझ्या वहिनीनं मला कधी परकं मानलं नाही. घरातली साय पहिल्यांदा माझ्या ताटात येते. माझी भाची माझा शब्द खाली पडू देत नाही. आई आजारी होती तेव्हा भाऊ तिच्या उशापासून हलला नाही."

लोकांना आधी वाटले, ही टोमण्याची सुरुवात आहे. ते हसायच्या तयारीने पुढे झुकले. पण बोलण्यात कुठे टोक सापडेना. एक-दोघे उगाच हसून थांबले. गाय मान वळवून आत्याकडे पाहू लागली, जणू तिच्या जागी कोणी दुसरीच येऊन बसली होती. नळ्या कोरड्या राहिल्या.

"आत्याबाई," मॅनेजर दातांवर हसू ठेवून पुटपुटला, "कालचं. कालचं बोला."

"लग्नाचं म्हणाल, तर भावानं माझ्यासाठी फार स्थळं पाहिली. मीच नको म्हटलं. मला घर सोडवेना."

मॅनेजरने खूण केली. भाचीने रेकॉर्ड लावले. भोंग्यांतली आत्या म्हणू लागली, की सायीचे भांडे पुन्हा कुलपात गेले. माईकवरची आत्या म्हणू लागली, की कुलूप कसले असते ते आमच्या घराला ठाऊक नाही. एक घोगरी, एक गोड. दोघींपैकी कोणी थांबेना. गाय एकदा भोंग्याकडे आणि एकदा तिपाईकडे कान फिरवत राहिली. मग तिने डोळे मोठे केले, पोट आत ओढले आणि एका पेल्याला लाथ मारली.

अध्यक्ष कोचावरून उठून चौथऱ्याशी आला होता. लोकांकडे चेहरा हसरा ठेवून, माईकवर तळवा दाबून तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, काय चालवलंयस?"

"तुझं कौतुक करतेय."

"कौतुक नको. ताई, ऐक. ते बोल. आईचं बोल, कंपाउंडरचं बोल. मी सगळ्यांदेखत म्हणायला सांगतोय ना?" त्याच्या कपाळावर घाम होता. "मला शिव्या घाल. तुझ्या पाया पडतो, ताई, घाल मला शिव्या."

"कशाबद्दल?" आत्याने विचारले.

उत्तर त्याला माहीत होते. या क्षणी पहिल्यांदाच माहीत होते. प्रमुख पाहुण्यांनी सहायकाकडे पाहिले. सहायकाने लोण्याच्या पुतळ्याच्या दिशेला हात केला.

"यंत्रातच दोष दिसतोय काहीतरी," पाहुणे जाता जाता सौम्यपणे म्हणाले, आणि गर्दी त्यांच्यामागे सरकली.

भावाचा तळवा माईकवरून निघाला होता. "असा भाऊ," आत्या रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांना म्हणाली, "सगळ्यांना मिळो." मग कोणीतरी वायर उपटली.

पुढचे सगळे भराभर झाले. असली लहरी गाय कंपनीला नको, तिला आत्ताच्या आत्ता मैदानाबाहेर काढा, असे मॅनेजरने सांगितले. भाचीला त्याने आत्याच्या गाऱ्हाण्याच्या आवाजापेक्षाही खालच्या आवाजात काहीतरी सांगितले, आणि ती ओळखपत्र गळ्यातून काढून मुठीत धरून उभी राहिली. आत्याने ते पाहिले. पण पाय तिकडे वळले नाहीत.

"आता ही गाय पुन्हा आमच्याच बोकांडी," वहिनी टेम्पोपाशी म्हणाली. "आणि ही गाय म्हणजे ह्यापण आल्याच. आईचं मी कोणाला सांगू आता?"

अध्यक्ष हार हातात घेऊन ड्रायव्हरशेजारी बसला. तो ताईकडे पाहत नव्हता.

आत्या मागे गायीजवळ चढली. टेम्पो गर्दीतून इंचाइंचाने सरकू लागला. प्रत्येक गचक्याला गाय कण्हत होती. तिने तोंड आत्याच्या खांद्यावर टाकले, मग ओढून तिच्या तोंडाजवळ आणले, ओठ चाटले. बोल, एवढेच तिचे मागणे होते. चारही सडांतून आता थेंब गळत होते. मॅनेजरचा माणूस अजून टेम्पोच्या मागे चालत होता; पाहुणे परत फिरले, एक धार दिसली, की गाय परत आणायची हाक यायला वेळ लागणार नव्हता.

आत्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, तोंड घट्ट मिटले आणि फाटक पार मागे पडेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.